स्मरण कोणाचे? : आपल्या स्मृतिनिधीसंबंधी काही विचार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण, किरकोळ दुरुस्त्यांसह)



आपल्या मंडळाच्या स्मृतिनिधीविषयी चार शब्द बोलावेत अशी सूचना चिटणिसांनी केली, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. पुढे दोन वर्षांचा शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली, एवढीच आमची पुंजी. अर्थकारण अथवा कायदा यांवर बोलण्याचा अधिकार आमच्यापाशी नाही. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, अशा निधीच्या दोन्ही बाजूंना तुम्ही उभे राहिला आहात, घेणाऱ्यांतही आणि वाटणाऱ्यांतही. तेवढेच सांगा." या बोलण्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही, म्हणून आज आपल्यापुढे उभे आहोत.

तेव्हा आरंभ घेण्याच्या बाजूने करतो. १९६९ च्या पावसाळ्यात आमचे वडील विषमज्वराने गेले. तालुक्याच्या पेठेत एका धान्याच्या दुकानी ते दिवाणजी होते. आम्ही पाचवीत होतो, पाठची दोन भावंडे त्याहून लहान. घरात पुढे काय झाले ते विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी ते झालेले आहे. आईने शिवणयंत्र भाड्याने आणले आणि रात्री कंदिलाशी बसून ती पोलकी शिवू लागली, इतके सांगितले म्हणजे पुरे. शाळेची फी ई.बी.सी.च्या सवलतीत माफ होती, पण वह्यापुस्तकांना सवलत नव्हती. ती उणीव त्या वेळच्या एका ज्ञातिसंस्थेने भरून काढली. पाचवीपासून १९७५ साली मॅट्रिक होईपर्यंत (नव्या पद्धतीत तिला दहावी म्हणू लागले होते, पण घरीदारी शब्द मॅट्रिकच होता) दर जून महिन्यात आम्हांस पुस्तकांचा संच व डझनभर वह्या मिळत गेल्या. ती पुस्तके मिळाली नसती, तर आम्ही त्या धान्याच्या दुकानीच पोती शिवत राहिलो असतो, याविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. म्हणून पुढे जे बोलणार आहोत ते कृतघ्नपणाचे समजू नये, अशी विनंती आहे.

पुस्तके एका समारंभात मिळत. सभागृहात ज्ञातीची सर्व मंडळी जमत; अध्यक्षांचे भाषण होई; त्यानंतर एकेका दात्याच्या दिवंगत आप्ताचे नाव वाचून, "यांचे स्मरणार्थ अनाथ विद्यार्थी अमुक यांस" असा पुकारा होई. ज्याचे नाव पुकारले जाई त्याने व्यासपीठावर जायचे, फोटोला नमस्कार करायचा, दात्याच्या पाया पडायचे, पुस्तके घ्यायची आणि छायाचित्र निघेपर्यंत उभे राहायचे. आमच्याच वर्गातली, बरोबर विटीदांडू खेळणारी मुले समोर बसलेली असत. आमची आई तर हयात होती. तरीही आम्हांस 'अनाथ' म्हटले जाई, आणि ती माऊली मागच्या रांगेत पदर ओढून तो शब्द ऐकून घेई. घरी आल्यावर ती एवढेच म्हणे, "पुस्तकांना कव्हरं घाल, पुढच्या वर्षी परत द्यायची आहेत." ते सहा समारंभ आम्ही मोजून काढले. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा पास झाल्याच्या आनंदाआधी, आता जूनमध्ये त्या व्यासपीठावर जावे लागणार नाही, हा विचार मनात आला होता. हे आम्ही आजवर कोणास सांगितले नव्हते.

आता मनुष्यस्वभाव कसा विचित्र आहे पाहा. ज्याने हे सोसले त्याने तरी ते दुसऱ्याला सोसावयास लावू नये. पण आम्ही लावले.

१९९४ सालची गोष्ट. आम्ही त्या वेळी एका दोनशिक्षकी शाळेवर होतो. तिसरीतल्या एका मुलीचा बाप विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला. ती आपल्या ज्ञातीची नव्हती. गावातल्या एका कष्टकरी घरची होती. दोन महिन्यांनी प्रजासत्ताकदिन आला. गावातल्या एका सधन गृहस्थांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ गरीब मुलांना गणवेशाचे कापड देण्याचे ठरविले आणि यादी करण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही उत्साहाने यादी केली. झेंडावंदन झाल्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेला तो कागद आम्हीच मोठ्याने वाचला. मथळा होता 'निराधार विद्यार्थी'. पहिले नाव त्या मुलीचे होते. ती पुढे आली, तिने कापड घेतले, नमस्कार केला. सर्व यथासांग झाले. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येईना. आठवड्याने तिची आई कापडाची घडी तशीच घेऊन शाळेत आली आणि म्हणाली, "गुरुजी, कापड चांगलं हाय, पर पोरगी अंगाला लावंना. म्हनती, ह्याच्यावर दुसऱ्याच्या बाबाचं नाव घेतलं, माझ्या बाबाचं कुनी घेतलंच न्हाई."

बंधुभगिनींनो, आम्ही त्या बाईस काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा काही दिलेच नसावे. मुलीस समजावून शाळेत आणले, ती पुढे चौथी पास होऊन मोठ्या गावच्या शाळेत गेली. तिची क्षमा मागावी असे आम्हांस त्या वेळी सुचले नाही. तिसरीतल्या मुलीची गुरुजींनी क्षमा मागावयाची असते, हे आम्हांस कोणी शिकविले नव्हते. परंतु तिचे ते वाक्य गेली तीस वर्षे आमच्या मागे आहे, आणि आज जे सांगावयाचे आहे ते सारे त्या वाक्यातच आले आहे. आपण ज्याला स्मृतिनिधी म्हणतो त्यात स्मरण कोणाचे होते? दात्याच्या वडिलांचे होते, मातोश्रींचे होते, ते यथायोग्यच आहे. पण ज्या मुलाला आपण मदत देतो, त्याचाही कोणी तरी गेलेला असतो. नव्हे, तो गेला म्हणूनच ही मदत आहे. आणि त्या संपूर्ण समारंभात त्या गेलेल्याचे नाव मात्र कोठेच नसते.

पोरक्या मुलांसाठी काही करण्याची परंपरा आपल्या महाराष्ट्रात जुनी आहे आणि ती एका ज्ञातीची नाही. १८७७ च्या दुष्काळात महात्मा फुले व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे मुलांसाठी अन्नाची सोय केली. पंढरपूरचे बालकाश्रम १८७५ पासूनचे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन काढले, आणि तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात मंडळी स्थापन केली तिचे नाव 'अनाथ बालिकाश्रम' असे होते. १९०० मध्ये आश्रम हिंगण्यास गेला. कर्व्यांची ती रोजची पायपीट आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात वाचली आहे. आम्हांस त्यातील दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली ही, की बायांनी त्या आश्रमासाठी स्वतः हिंडून वर्गणी गोळा केली. म्हणजे जी एके काळी घेणारी होती तीच पुढे मागावयास निघाली, आणि मागताना घेणारीचे मन काय असते ते तिला ठाऊक होते. दुसरी गोष्ट अशी, की त्या संस्थेच्या नावातला 'अनाथ' हा शब्द पुढे गळून पडला. आज ती कर्व्यांच्या नावाची स्त्रीशिक्षण संस्था म्हणून ओळखली जाते. तेथे शिकणाऱ्या मुलीने आपल्या शाळेचे नाव सांगताना आपले दुःखही सांगावे, अशी सक्ती आता उरलेली नाही. आपण मात्र अजून व्यासपीठावरून तोच शब्द पुकारतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

आपला हा निधी २०२१ च्या उन्हाळ्यानंतर उभा राहिला, हे आपणांस माहीत आहे. त्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्यातली किती तरी कर्ती माणसे गेली. मुलांनी बापाला रुग्णवाहिकेत चढताना पाहिले आणि त्यानंतर पाहिलेच नाही. ना मुखदर्शन, ना खांदा. शासनाने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्यशासनाने पाच लक्ष रुपयांची ठेव ठेवण्याचे त्याच वर्षी ठरविले. केंद्राच्या योजनेत अशा मुलांना तेविसाव्या वर्षी दहा लक्ष मिळावयाचे आहेत. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर प्रत्येक मृताच्या वारसांस पन्नास हजारांचे सानुग्रह साहाय्य मंजूर झाले. परंतु आपल्या ज्ञातीत बहुतेक घरी गेला तो एकटा बाप. आई राहिली, दोन मुले राहिली, भाड्याची खोली राहिली, आणि वर्तमानपत्रातली ती मोठी रक्कम त्यांच्यासाठी नव्हतीच. अशा घरांकडे पाहण्यासाठी आपल्यासारख्या मंडळांची गरज असते.

आणि येथे आम्ही एक अनुभव सांगतो. मदत म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे पाकीट येते. पण तेराव्यानंतरच्या तीन महिन्यांत त्या घराला पाकिटापेक्षा अधिक गरज असते ती कागद वाचणाऱ्या माणसाची. २०२३ साली आपल्यातले एक वायरमन बंधू एक्केचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. आम्ही व चिटणीस भेटावयास गेलो. बाई म्हणाल्या, "ह्यांनी काही ठेवलं नाही, गुरुजी. विमा नाही, काही नाही." आम्ही म्हटले, पासबुक तरी दाखवा. चष्मा पुसून एकेक ओळ पाहू लागलो. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा झालेले दिसले. ही रक्कम ज्याच्या खात्यातून जाते त्याचा पंतप्रधान जीवनज्योतीचा विमा असतो आणि मृत्यूनंतर वारसास दोन लक्ष मिळतात. वायरमननी खाते उघडताना कोठे तरी सही केली असावी. घरी सांगितले नव्हते, कदाचित त्यांनाही आठवण नसेल. त्याच पासबुकात २० रुपयांची दुसरी वजावट होती; ती अपघातविम्याची, येथे लागू नव्हती. बँकेत चार खेपा घालाव्या लागल्या. मृत्यूच्या दाखल्यात मधल्या नावाची एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त करून आणावी लागली. पण दोन लक्ष रुपये त्या बाईंच्या खात्यात आले. आपल्या निधीने त्या घराला जितके दिले असते त्याच्या कितीतरी पट अधिक, आणि निधीतला एक रुपयाही खर्च न होता, रिक्षाभाडे सोडले तर.

अशी किती पासबुके कपाटात पडून असतील? म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की प्रत्येक अशा घरी मंडळाचे दोन जण जावेत, आणि त्यांपैकी एक स्त्री असावी. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी लागते. ती झाली का, आणि नावे आधारकार्डाप्रमाणे आहेत का, हे पाहावे. गेलेला माणूस कारखान्यात अथवा कंपनीत असेल, तर भविष्यनिर्वाह निधीबरोबर विधवेला निवृत्तिवेतन असते, दोन मुलांना पंचविसाव्या वर्षापर्यंत वेगळे असते, आणि ठेवीशी जोडलेला विमाही असतो. हे तिन्ही एकाच कार्यालयातून मिळतात, पण मागावे लागतात. घर दारिद्र्यरेषेखालचे असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे वीस हजार तहसील कचेरीतून मिळतात. संजय गांधी निराधार योजनेची दरमहाची रक्कम २०२३ मध्ये दीड हजार झाली. बालसंगोपन योजनेत, जिला आता सावित्रीबाईंचे नाव आहे, एक पालक गेलेल्या मुलासही दरमहा साहाय्य मिळू शकते. २०२३ मध्ये ते २,२५० रुपये झाले. ही रक्कम वेळेवर येते असे आम्ही म्हणणार नाही. अर्ज केला नाही तर मात्र कधीच येत नाही. आमच्या आईला यातले काहीच नव्हते. आज आहे, आणि तरी एखादी बाई कचेरीच्या पायऱ्या चढण्यास भिते म्हणून तिला ते मिळू नये, हे आपणा शिकलेल्यांना शोभणारे नाही.

कागदांची गोष्ट झाली. आता मुलांची.

चाळीस वर्षांत आमच्या वर्गात बाप किंवा आई गेलेली किती तरी मुले बसली. त्यांच्या घरच्यांनी त्यांना काय सांगितलेले असते? "बाबा गावाला गेलेत", "बाबा झोपलेत", "देवाला ते आवडले म्हणून त्याने नेले." हे सारे मायेपोटी असते. पण पहिलीतल्या एका मुलाला 'बाबा मुंबईला गेले' असे सांगितले होते. तो सहा महिने दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस. टी. स्थानकावर जाऊन बसे. दुसरी एक मुलगी झोपण्यास भिऊ लागली, कारण तिचे बाबा 'झोपले' होते. मुलाला खरे सांगावे, त्याच्या वयाला कळेल अशा साध्या शब्दांत सांगावे, असे आमचे मत झाले आहे. त्याला आणखी दोन भये असतात, ती तो बोलत नाही: आता आईही जाईल का, आणि आपण हट्ट केला म्हणून तर बाबा गेले नाहीत ना. ही दोन भये विचारून काढून टाकावी लागतात. आणि तो आज रडला, उद्या गोट्या खेळू लागला, तर "याला काही वाटतच नाही" असे कोणी म्हणू नये. मोठ्या माणसाचे दुःख संततधार असते. मुलाचे वळिवासारखे, येते, जाते, पुन्हा येते. अशा मुलास वर्गात गृहपाठाबद्दल आम्ही छडी मारलेली आहे. त्याचाही कबुलीजबाब आज देऊन टाकतो.

येथे एक अप्रिय विषय काढावा लागतो. दहाव्याच्या दिवशी नदीवर, मुलांच्या देखत, आईच्या कपाळाचे कुंकू पुसणे आणि बांगड्या फोडणे हे प्रकार आपल्यातल्या काही घरी अजून होतात. मुलाने एक आघात सोसलेला असतो. आता आईला चार बायकांनी धरले आहे आणि तिच्या हातातून रक्त येते आहे, हे त्याने पाहावे? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर शासनानेही सर्व ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरविण्यास कळविले. एका खेड्याला जे जमले ते स्वतःस सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपल्या ज्ञातीला का जमू नये? आमची आई तर हे सारे सोसून पुढे चाळीस वर्षे जगली. तिचे हात आम्ही त्या दिवशी पाहिले होते. याहून अधिक या विषयावर आमच्याच्याने बोलवत नाही.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि त्यावरच आपल्या सभेत सर्वांत अधिक वाद होतो.

श्राद्धपक्ष, तेरावा, वर्षश्राद्ध यांना आमचा विरोध नाही. ज्याची श्रद्धा असेल त्याने करावे. परंतु तेराव्याला दोनशे पाने उठतात, आणि त्यासाठी काढलेले कर्ज विधवेने फेडावयाचे असते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. पंचवीस पाने करून उरलेली रक्कम त्याच घरच्या मुलाच्या नावे ठेवण्याचा प्रघात दोन कुटुंबांनी पाडला आहे. त्यांची नावे आम्ही मुद्दामच घेत नाही.

आपल्या जुन्या ठेवींविषयीही थोडे बोलले पाहिजे. वीस-तीस वर्षांपूर्वी अनेकांनी पाचशे एक, एक हजार एक अशा कायम ठेवी आपल्या आप्तांच्या स्मरणार्थ दिल्या. त्या वेळी बँका बारा टक्क्यांपर्यंत व्याज देत. आता सहा-सात टक्के मिळते, आणि वह्यांच्या किमती कोठल्या कोठे गेल्या. पाचशे एक रुपयांच्या व्याजात आज कंपासपेटीसुद्धा येत नाही. तरी दरवर्षी त्या ठेवीचे नाव वाचले जाते, फोटो निघतो, आणि फोटोचा खर्च व्याजाहून अधिक होतो. या सर्व ठेवी, दात्यांच्या वारसांची संमती घेऊन आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील रीत पाळून, एका निधीत एकत्र कराव्यात, अशी आमची सूचना आहे. मग त्यातून एकदाच दिले जाणारे पाकीट नव्हे, तर मुलाचे शिक्षण संपेपर्यंत दरमहा ठरावीक रक्कम आईच्या बँकखात्यात थेट जमा व्हावी. रक्कम लहान असली तरी चालेल. घरखर्च चालविणाऱ्या बाईला पाच हजार एकदा मिळण्यापेक्षा, पाचशे रुपये दर महिन्याच्या पाच तारखेला नक्की येणार हे ठाऊक असणे अधिक मोलाचे असते. आमच्या आईला भाड्याच्या यंत्राचे भाडे दर पाच तारखेलाच द्यावे लागे, म्हणून हे आम्ही सांगू शकतो.

आणि व्यासपीठ बंद करावे. पुस्तके, गणवेश, धनादेश यांपैकी काहीही पोरक्या मुलाला समारंभात देऊ नये. त्याचे छायाचित्र या स्मरणिकेतही छापू नये. गुणवत्तेचे बक्षीस असेल तर ते इतर मुलांबरोबर अवश्य द्यावे, आणि तेव्हा तो कोणाचा मुलगा हे पुकारताना बापाचे पूर्ण नाव घ्यावे, जसे इतरांचे घेतो तसे.

यावर कोषाध्यक्षांनी आम्हांस मागच्या बैठकीत विचारले, "गुरुजी, मग देणगी कोण देणार? लोक नावासाठी देतात." त्यांचे म्हणणे खोटे नाही. नावासाठी देणे हे पाप आहे असेही आम्ही मानत नाही; गेलेल्या आईचे नाव कोठे तरी कोरलेले असावे असे लेकराला वाटणारच. ते नाव मंडळाच्या सभागृहातील फलकावर लिहावे, या स्मरणिकेत पहिल्या पानावर छापावे, वर्षातून एकदा सर्वांनी उभे राहून त्या सर्वांचे स्मरण करावे. फक्त ते नाव मुलाच्या अंगावर चढवू नये. या हाताचे त्या हाताला कळू नये असे आपल्याकडे म्हणतात. निदान शेजारच्या बाकावरच्या मुलाला कळू नये इतके तरी करू या. एवढ्याने काही देणग्या कमी होतील. होवोत. पुढील दोन वर्षे जमाखर्चात तूट आली तर तीही आम्ही याच व्यासपीठावरून वाचून दाखवू.

त्या तिसरीतल्या मुलीच्या वाक्यावरून आम्ही आणखी एक गोष्ट कार्यकारी मंडळास सुचविली होती, आणि ती मान्य झाल्याचे सांगण्यास आनंद वाटतो. निधीची जी नोंदवही आहे तीत आजवर तीन रकाने होते: दात्याचे नाव, विद्यार्थ्याचे नाव, रक्कम. आता प्रत्येक मुलासाठी वेगळे पान आहे. पानाच्या माथ्यावर त्याच्या गेलेल्या वडिलांचे अथवा आईचे नाव, जन्माचे वर्ष, आणि ते काय काम करीत असत ते लिहिले जाते. शक्य असेल तेथे मुलालाच विचारून एखादी ओळ घालतो. वायरमन बंधूंच्या मुलाने सांगितले, "बाबा डोळे मिटून वायर सोलायचे." ती ओळ तशीच आमच्या हस्ताक्षरात लिहिली आहे. त्याने ती दोनदा वाचून पाहिली आणि 'सोलायचे' याऐवजी 'सोलू शकायचे' असे हवे, म्हणून दुरुस्ती करून घेतली.

एक प्रश्न मात्र आमच्याकडून सुटलेला नाही, तो आपल्यापुढे ठेवतो. आपला निधी ज्ञातीपुरता आहे. ज्यांनी ठेवी दिल्या त्यांनी त्या अटीवर दिल्या. ती अट मोडण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु ज्या मुलीने आम्हांस हे सर्व शिकविले ती आपल्या ज्ञातीची नव्हती, आणि तिच्यासारखी मुले आपल्या आळीत, आपल्या शाळांतून आजही आहेत. त्यांच्यासाठी पैसा देता आला नाही तरी पासबुक वाचण्याला ज्ञातीची अट कोणी घातलेली नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळात आम्ही मंडळाच्या कार्यालयात बसतो. कोणाच्याही घरचे कागद घेऊन या, कोणत्याही ज्ञातीचे. सोबतीला एक निवृत्त बँक कर्मचारी असतात. त्यांना कायदा आमच्यापेक्षा पुष्कळ अधिक कळतो आणि आम्हांस त्यांच्यापेक्षा लहान अक्षर अधिक स्वच्छ वाचता येते.

आणखी दोन तरुण माणसे आणि विशेषतः दोन-तीन भगिनी या कामास हव्या आहेत. त्यांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत. नोंदवही बाहेरच्या मेजावर ठेवलेली नाही. ती कार्यालयातील कपाटात कुलपात आहे, आणि ती पाहावयाची झाल्यास त्या त्या मुलाच्या आईची परवानगी घ्यावी लागेल, याची कृपया नोंद घ्यावी.